दुसरा लॅपटॉप घ्यायचाय, छोटा आणि स्वस्त. काय घेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस घोळतंय डोक्यात, आता ठरवायलाच हवं. पुण्यात घरी डेस्कटॉप आहे, उत्तम चालतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीपासून दर शुक्रवारी वाईजवळ आमच्या गावी जावं लागतं, बाबा एकटे असतात, सोमवारी सकाळी परत. नवऱ्याचा पंधरा इंची लॅपटॉप दोनदा नेऊन बघितला. चार्जरसकट पिशवीत टाकला की खांदा निघतो आणि एस्टीत मांडीवर उघडायला गेलं की झाकण पुढच्या सीटला टेकतं, मग स्क्रीन अर्धाच उघडणार आणि मी मान वाकडी करून वाचणार. शेजारचे आजोबा म्हणाले, "पेटी काढली का गं बाई, वाजव की मग."
तर छोटा हवाय. बजेट २० हजार, फार तर २५. काम काही विशेष नाही, थोडं टायपिंग (बहुतेक मराठी), मेल, कधीतरी व्हिडिओ कॉल. गावात लाइट जाते, कधी दोन तास कधी चार. नवीन घेऊ, जुना घेऊ, की टॅब्लेटला कीबोर्ड लावू? अनुभवी लोकांनी सांगा.

चहाटळ
आधी डेस्कटॉपला विश्वासात घ्या. सवत आणली कळलं की रुसतो आणि ऐन मार्चमध्ये बंद पडतो.

शून्य_रुपये
काही घेऊ नका. मोबाइलला ओटीजीने (यूएसबी जोडायची छोटी वायर) कीबोर्ड लावा, खर्च पाचशे. मी सहा महिने असंच काम केलंय.

मीठभाकर
@शून्य_रुपये, आणि सातव्या महिन्यात? :)

शून्य_रुपये
सातव्या महिन्यात चष्म्याचा नंबर वाढला. पण तो वयानुसारही वाढतोच.

पेचकस
जरा सविस्तर लिहितो. दुकानात २० हजारांत जो "नवीन" लॅपटॉप मिळतो त्यात काय असतं ते आधी बघा. बहुतेकदा दोन कोअरचा सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. रॅम बोर्डावर डकवलेली, वाढवता येत नाही. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमधल्या स्टोरेजची भावकी, तीही बोर्डालाच चिकटलेली, एसएसडीपेक्षा (चांगल्या लॅपटॉपातली वेगवान डिस्क) बरीच हळू आणि गेली तर बोर्डसकट गेली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, म्हणजे तुम्ही किमान पायरीवर उभे राहूनच सुरुवात करणार. वर्षभरात अपडेट आलं की "जागा शिल्लक नाही", मग तुम्ही फोटो पुसत बसणार. मेव्हण्याला असा एक घेऊन दिला होता, अजून लग्नकार्यात भेटला की विषय काढतो.
त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारे लॅपटॉप बघा. साडेबारा-तेरा इंची, सव्वा किलोच्या आसपास, कीबोर्ड चांगला, आत एसएसडी. फक्त एक अट पाळा, इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, तुरळक अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनच चालतं. दुकानदार सातव्या पिढीच्या मशीनवर जुगाड करून ११ टाकून देतो आणि "चालतंय की मॅडम" म्हणतो. चालतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कोण देणार.

निवृत्त_मास्तर
पेचकसरावांशी सहमत, पण एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. २००७ साली एसुसचा ईईई पीसी आला होता, सात इंची पडदा, ४ जीबी स्टोरेज (हो, चारच), आत लिनक्स आणि वजन किलोच्या आत. माझ्या भाच्याने परदेशातून आणला. आम्ही सगळे शिक्षक स्टाफरूममध्ये त्याच्याभोवती जमलो होतो, जसं काही वर्गात ससा आणलाय. पडदा ८०० बाय ४८०, वेबपान बघायचं तर आडवं-उभं सरकवत बसायचं. कळा एवढ्याशा की माझ्या एका बोटाखाली दोन यायच्या. तरी मी त्यावर दोन वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. 'नेटबुक' हा शब्दच तेव्हा घरोघरी झाला, पुढे टॅब्लेट आले आणि ती जातच संपली.

चहाटळ
मास्तर, २०११ च्या त्या स्वस्त सरकारी आकाश टॅब्लेटलाही श्रद्धांजली वाहून टाका, एका नारळात काम होईल.

मीठभाकर
माझा अनुभव वेगळा आहे. आईसाठी क्रोमबुक घेतलं, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. ती ७१ वर्षांची, काम म्हणजे यूट्यूबवर कीर्तन, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि भिशीचा हिशेब गूगल शीटमध्ये. (भिशीच्या बायकांनी आधी नाकं मुरडली, आता सगळ्या तिच्याकडेच शीट बघायला येतात.) तीन वर्षांत एकदाही "अगं हे बघ काय झालंय" असा फोन नाही. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की २०२१ पासूनच्या क्रोमबुकांना दहा वर्षं आपोआप अपडेट मिळतील. पण ती दहा वर्षं तुम्ही घेतल्या दिवसापासून नसतात हं, ते मॉडेल ज्या हार्डवेअरवर आहे ते बाजारात आल्यापासून मोजतात. सेलमध्ये स्वस्त दिसतंय म्हणून जुनं उचललं तर अर्धं आयुष्य गोडाउनमध्येच गेलेलं असतं.
कृष्णाकाठ ताई, टायपिंग आणि मेल एवढंच असेल तर नक्की विचार करा. बॅटरीही बरी टिकते.

पेचकस
क्रोमबुक वाईट नाही. पण "एवढंच असेल तर" मध्ये सगळं आलं. ताई, काम नक्की काय आहे?

कोकणचा_काजू
गावच्या घरात वापरणार म्हणून दोन गोष्टी सांगतो, त्या कुठल्याच रिव्ह्यूत नसतात. देवरुखला आमच्या घरी अर्थिंग नावालाच आहे. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला बारीक मुंग्या येतात. आई म्हणायची देवीचं वारं असेल. प्लास्टिक बॉडी घ्या, किंवा चार्ज करून पिन काढून मग बसा.
दुसरी गोष्ट, खरोखरच्या मुंग्या. पावसाळ्यात दोन आठवडे लॅपटॉप कपाटात ठेवला, काढून चालू केला तर हवेच्या जाळीतून लाल मुंग्यांची रांग बाहेर, तोंडात पांढरी अंडी धरून. आतमध्ये वसाहत. पंख्याची गरम हवा लागल्यावर बिऱ्हाड हलवलं त्यांनी. तेव्हापासून प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या आता आमच्याकडे कोणी टाकत नाही.

चहाटळ
म्हणजे दोन्ही अर्थांनी मुंग्या येतात.

राईनकाठी
मी जर्मनीत असतो. इथे कंपन्यांचे वापरलेले लेनोवो थिंकपॅड सहज मिळतात, मीही एक्स-२८० घेतलाय, वजन नाहीच जवळपास. त्यात रॅम बोर्डावरच आहे, त्यामुळे घेतानाच ८ किंवा १६ जीबी बघून घ्या, नंतर पस्तावून उपयोग नाही. फक्त इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी असतात. इंग्रजीत सहा महिने ठेचा खाल्ल्या. मराठीत मात्र काही त्रास नाही, कारण मी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) वापरतो आणि तिथे कळीवर काय छापलंय याच्याशी देणंघेणंच नाही, जागा तीच. बायको म्हणते एवढी एक गोष्ट तू न बघता करतोस.
ताई तुम्ही मराठी कसं टाइप करता?

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, मी दोन दिवस गावी होते म्हणून उशीर. मीपण इन्स्क्रिप्टच, क्लासला जाऊन शिकलेय, कीबोर्डकडे बघत नाही. त्यामुळे कीबोर्ड चांगला हवा, ते टचस्क्रीनवरचं नको.
पेचकस, काम म्हणजे, तसं खास नाही, तीन छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघते घरून. टॅली, जीएसटीचे रिटर्न वगैरे. शनिवार-रविवारी कोणीतरी फोन करतंच.

पेचकस
ताई!! "काम काही विशेष नाही" असं लिहिलंत तुम्ही. आम्ही इथे दोन दिवस क्रोमबुकावर ओव्या गातोय.

मीठभाकर
मी माझी सूचना सन्मानाने मागे घेते.

चहाटळ
डॉक्टरकडे जाऊन "सहज आलो होतो" म्हणायचं आणि निघताना दारात "छातीत जरा दुखतं" म्हणायचं, त्यातली गत.

कृष्णाकाठ
अहो रोजचंच आहे ते, काम वाटतच नाही :( का, टॅली चालणार नाही का छोट्यावर?

पेचकस
छोट्यावर चालतं, क्रोमबुकवर नाही. टॅलीला विंडोज लागतं. आणि डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राइव्हसारखा टोकन वापरता का?

कृष्णाकाठ
दोघांची मालकीची दुकानं आहेत, ती ओटीपीवर होतात. तिसरी प्रायव्हेट लिमिटेड, तिला टोकन लागतोच.

पेचकस
मग विषयच मिटला. क्रोमबुक बाद, टॅब्लेट बाद, मोबाइल-ओटीजी तर जन्मतःच बाद. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर विंडोजवर सरळ बसतं, तुम्ही तेच घ्या. आणि बघताना साधा जुना चौकोनी यूएसबी पोर्ट आहे ना ते बघा, हल्ली काही पातळ मशीनला नुसते टाइप-सी असतात, मग रिटर्न भरायच्या २० तारखेला रात्री अकरा वाजता डाँगल शोधत फिरायचं.

शून्य_रुपये
एक मिनिट. टॅली पुण्याच्या डेस्कटॉपवर राहू दे, गावाहून रिमोटने जोडा. मग कुठलंही डबडं चालेल.

निवृत्त_मास्तर
हा प्रयोग मी पेन्शनच्या कागदांसाठी केलाय. मुलीकडे नाशिकला गेलो आणि घरी मशीन चालू ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी लाइट जाऊन आली आणि मशीन बंद. शेजारच्या मुलाला फोन केला, किल्ली कुंडीखाली आहे, आत जा आणि मोठं गोल बटण दाब. त्याने गोल बटण दाबलं. ते वॉशिंग मशीनचं होतं.

चहाटळ
मास्तर, दंडवत घ्या.

राईनकाठी
रिमोटला नेटही धड लागतं. वाईच्या बाजूला डोंगराआड रेंज कशी आहे ते ताईच सांगतील.

कृष्णाकाठ
गच्चीत आहे. स्वयंपाकघरात नाही. गच्चीत ऊन.

पेचकस
म्हणजे रिमोट नको, सगळं मशीनमध्येच हवं. आता मॉडेल सांगतो. डेलचा लॅटिट्यूड ७२९०, साडेबारा इंची, आठवी पिढी, रॅमचा एक खाचा आहे म्हणजे रॅमची पट्टी बदलता येते. राईनकाठी म्हणाले तो एक्स-२८०. एचपीचा एलिटबुक ८३० जी५, थोडा मोठा, तेरा इंची, पण रॅमला दोन खाचे. एक्स-२७० खूप स्वस्त सांगतील, भारी मशीन आहे, पण सातव्या पिढीत अडकतो, तुमच्या कामाला नको. आधीचे तिन्ही टाइप-सीने चार्ज होतात, म्हणजे मोठी पॉवर बँक घेतली तर लाइट गेल्यावर आणखी एक चार्ज मिळू शकतो. पॉवर बँक मोबाइलवाली नाही, ४५ वॉट किंवा जास्त देणारी, डब्यावर लिहिलेलं असतं.
पुण्यात तापकीर गल्लीत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण हातात घेऊन बघता आलं तर बरं. काय बघायचं:
एकदा पूर्ण बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) शिरून बघा, पासवर्ड मागितला तर तसाच परत द्या, जुन्या कंपनीचं कुलूप आहे ते, कोणी काढून देत नाही. कमांडच्या खिडकीत पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) चालवा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्याला आला असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा भाव पाडा. पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग बघा. बिजागरी एका बोटाने हलवून बघा. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, दोन्ही शिफ्टसकट. आणि टोकन सोबत न्या, दुकानातच लावून बघा.

कोकणचा_काजू
आणि उलटा करून आपटा हळूच. माझ्यातून भाजक्या शेंगदाण्याची सालं निघाली होती. बंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीचा स्टिकर होता खाली, "ॲसेट नंबर" अमुक. अजून काढला नाही, आपल्यालाही कोणीतरी ॲसेट म्हणतंय असं वाटतं.

मीठभाकर
जिओच्या छोट्या लॅपटॉपबद्दल, जिओबुकबद्दल, कोणी बोललंच नाही. २०२३ मध्ये आलं तेव्हा १६,४९९ ला होतं, किलोच्या आत वजन. भाचीला शाळेसाठी घेतलं, तेवढ्यापुरतं ठीक आहे. ताईंच्या उपयोगाचं नाही, पण धागा वाचून कोणी लहान मुलांसाठी शोधत असेल तर.

तळटीप
अवांतर: 'रॅम बोर्डावर डकवलेली' वाचून बरं वाटलं. सोल्डरला 'डाख' हा शब्द मराठीत आहे, 'डाखलेली' म्हणा. चांगला शब्द आहे, वाया जाऊ देऊ नये.

पेचकस
@तळटीप, घेतला. उद्यापासून डाखलेली.

शून्य_रुपये
२५ हजार वाचवून वर्षभर शिवशाहीने जा, साध्या एस्टीपेक्षा जागा मोठी आहे, पंधरा इंचीही उघडतो. माझं मत नोंदवून ठेवा.

कृष्णाकाठ
मंडली, लॅपटॉप गेतला. काल संद्याकाली दुकानात गेले होते, साडेबारा इंची, आटव्या पिडीचा, आट जीबी, साडेअटरा हजार. पेचकस यांनी सांगितलेलं सगलं बगितलं, टोकनपण लावला, चालला. आत्ता एस्टीत बसून लिहितेय, कंबाटकी गाट लागलाय, सेजारचे जोपलेत म्हणून ब्राइटनेस अगदी सून्यावर केलाय. पुडच्या सीटला जाकण लागत नाही, मांडीवर चान बसतो. कोणी पेटी म्हणालं नाही. बाबांना पोन केला, म्हणाले आदी गरी ये मग बगू. वि,य संपला, सगल्यांचे कूप आबार, दागा बंद केला तरी चालेल.

चहाटळ
अबिनंदन!! पेडे कुटे आहेत?

मीठभाकर
ताई बऱ्या आहात ना? घाटात उलटीची गोळी वगैरे घेतलीत का?

निवृत्त_मास्तर
आमच्या पहिलीच्या वर्गात समोरचे दोन दात पडलेली मुलं असंच बोलायची.

तळटीप
थांबा, हसू नका, हे फार सुंदर आहे. सगळे महाप्राण गेलेत आणि अल्पप्राण उरलेत. ख चा क, घ चा ग, ठ चा ट, ढ चा ड, ध चा द, भ चा ब. ळ चा ल आणि श चा स. ष च्या जागी तर स्वल्पविराम पडलाय. पण 'ण' शाबूत आहे बघा, 'झाकण' मधला झ पडला, ण उभा. 'आत्ता', 'एस्टी', 'इंची' यातले स्वरही जागेवर. इन्स्क्रिप्टमध्ये महाप्राण बहुतेक उजव्या हाताच्या कळांवर आहेत, त्यांना डाव्या करंगळीने शिफ्ट धरावी लागते. 'ण' आणि स्वर डाव्या हाताला, त्यांना उजवी शिफ्ट. निदान: डावी शिफ्ट मेलेली आहे.

राईनकाठी
+१. आत्ता कीबोर्ड समोर घेऊन ताडून बघितलं. 'विषय' मधला ष स्वल्पविरामाच्या कळीवरच आहे.

चहाटळ
म्हणजे लॅपटॉप चालू आहे, फक्त प्राण गेलाय.

पेचकस
दोन्ही शिफ्टसकट म्हटलं होतं मी.

कृष्णाकाठ
(आता उजव्या शिफ्टने टाइप करतेय, करंगळी ताणून, चुकलं तर सांभाळून घ्या.) म्हटलं होतंत हो. मी 'द क्विक ब्राउन फॉक्स' पूर्ण टाइप केलं दुकानात, सगळी अक्षरं आली म्हणून खूश. सगळं स्मॉलमध्ये होतं. घरी पोचल्यावर धागा उघडला आणि वाचून चहा नाकातून आला. बाबांनी मोठ्याने वाचून दाखव म्हणून हट्ट धरला, मग त्यांनीच वाचला, 'आदी गरी ये' ला इतके हसले की ठसका लागला, पाठ चोळावी लागली.
टॉर्च धरून बघितलं तर डाव्या शिफ्टच्या खाली काहीतरी चिकट वाळलेलं आहे, कळ दाबली की सावकाश वर येते. आधीच्या मालकाचा चहा असणार, साखर जास्त घेत असावा. सहा महिन्यांची वॉरंटी आहे, सोमवारी जाते.
बाकी चांगला आहे. रात्री साडेनऊला लाइट गेली ती पावणेबाराला आली, तोपर्यंत एका दुकानाची सगळी खरेदी बिलं टॅलीत चढवून झाली, बॅटरी ३८ टक्के उरली होती.

पेचकस
कीबोर्डच बदलून मागा. साफ करून देतो म्हणेल, ऐकू नका, साखर पुन्हा चिकटते.

नवा_भिडू२५
छान चर्चा. मलाही लॅपटॉप घ्यायचाय, काम काही विशेष नाही, बजेट २५. सुचवा.

पेचकस
नवीन धागा काढा.

चहाटळ
दागा. नवीन दागा काडा.